एका सुताचं मशीन

सायमा आत्या रोज सकाळी कॉफीचा गळा आवळायची. हे शब्द तिचेच. थर्मास भरून झाला की ती कॉफीच्या मशीनचा प्लग भिंतीतून उपटायची, वायर गुंडाळून तिची मूठभर जुडी करायची आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला, कॅलेंडरच्या वरून, लटकवायची. त्यामुळे त्या घरात आजची तारीख कोणाला कधी दिसली नाही. मग ती गॅरेजचं दार उघडायची आणि दुसऱ्या मशीनचा प्लग लावायची.

स्वयंपाकघर आणि गॅरेज एकाच लाइनवर होती. दोन्ही मशीनं एकदम चालली की तळघरातला ब्रेकर पडायचा, आणि तो वर करायला अकरा पायऱ्या उतरून, वॉशिंग मशीनच्या मागे हात घालावा लागायचा. आत्याचे गुडघे त्या अकरा पायऱ्यांना ओळखून होते. म्हणून कॉफीचा गळा.

ते दुसरं मशीन वेल्डिंगचं होतं. प्रवासाच्या बॅगेएवढं, वीस किलोचं, भिंतीतल्या साध्या एकशेवीस व्होल्टच्या प्लगवर चालणारं. शेगडीला किंवा कपडे वाळवायच्या यंत्राला असते तशी दुप्पट व्होल्टची वेगळी लाइन त्याला लागत नसे. म्हणूनच ते घरात येऊ शकलं, आणि म्हणूनच त्याचा जीव एका सुताचा होता. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढ्या जाडीपर्यंतचं पोलाद ते मनापासून जोडायचं. त्याच्यापुढे नुसतं जोडल्यासारखं दाखवायचं. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला वेसने, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, ते तिला दिलं होतं. "बाकीच्यांना अंगठी मिळते, मला तार मिळाली," असं ती सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा अंगठी मिळाल्यासारखाच व्हायचा.

मशीनची आणखी एक खोड होती. दोन मिनिटं सलग चाललं की त्याला आठ मिनिटं थंड व्हायला द्यावं लागे. नाही दिली तर ते आपणहून बंद पडायचं आणि पंख्याचा आवाज करत फुगून बसायचं. आत्याने त्या आठ मिनिटांवर मोजे विणले. दोन मिनिटं जाळ, आठ मिनिटं लोकर. हातमोजे काढायचे, सुया उचलायच्या, घड्याळाकडे न बघता विणायचं, आणि पंख्याचा सूर बदलला की सुया खाली. गावात कामाचा अंदाज मोज्यांतच द्यायचे. "किती वेळ लागेल?" विचारलं की ती वस्तू फिरवून बघायची आणि म्हणायची, "टाचेपर्यंत." मोठं काम असलं तर, "एक पूर्ण मोजा. उद्या ये."

येणारं काम बहुतेक स्कूपचं असे. आमच्या या बर्फाळ गावात, केतोलात, प्रत्येक घराला स्कूप असतं: दोन हात रुंद पत्र्याचं सूप आणि त्याला छातीपर्यंत येणारा नळीचा दांडा. आमच्याकडे बर्फ उचलत नाहीत, ढकलतात. उचलणारा एक तर परगावचा असतो, नाहीतर लवकरच दवाखान्यात दिसतो. सहा महिने रोज ढकलून ढकलून दांडा आणि पत्रा जिथे भेटतात तिथे चीर जाते. पत्रा पातळ, नळी पातळ. आत्याच्या मशीनच्या पोटापुरतं काम. ती आधी पत्र्यावरचं जस्त घासून काढायची, कारण जस्ताचा धूर छातीत बसतो. मग आखूड आखूड टाके घालायची, वरची खपली हातोडीने उडवायची आणि ब्रशने घासून तो जोड माणसासमोर धरायची. मोबदल्यात धुरावलेला मासा किंवा कोणाच्या घरचा वेलचीचा गोड पाव. वेण्या घातलेला, वर साखर लावलेला.

गॅरेजच्या भिंतीवर तिने लाल रंगाने चार ओळी लिहिल्या होत्या:

एका सुताहून जाड, नाही.
माणूस ज्यावर चढेल, नाही.
माणसाच्या डोक्यावर लटकेल, नाही.
रस्त्यावर पळेल, नाही.

खाली कोणीतरी सुताराच्या पेन्सिलने लिहिलं होतं, 'मग काय, दागिने?' अक्षर वर्न ओजालाचं, हे गावाला माहीत होतं. आत्याने ते पुसलं नाही. त्याच्या खाली लाल रंगाने एकच शब्द लिहिला: 'आण.'

वर्न लाकडाच्या ट्रकांवर तीस वर्षं मिस्त्री होता. निवृत्त झाला तरी त्याच्या नखांतलं ग्रीस निवृत्त झालं नव्हतं. आत्याच्या मशीनला तो टोस्टर म्हणायचा. त्याचा खरा अभिमान म्हणजे त्याचा सौना, वाफेची अंघोळ करायची खोली. (सॉना म्हणणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्यांदा कॉफी विचारत नाहीत.) देवदाराच्या फळ्यांचा, धुराड्याचा, सहा माणसं बसतील असा सौना त्याने स्वतः एका ट्रेलरवर बांधला होता. जानेवारीत हेइक्कीचा दिवस येतो. म्हातारे सांगतात, त्या दिवशी गुहेतलं अस्वल कूस बदलतं, म्हणजे निम्मा हिवाळा सरला. त्या दिवशीच्या मिरवणुकीत वर्नचा सौना टेकडीवरून मोठ्या रस्त्याने खाली यायचा. धुराड्यातून धूर, आत पेटलेली चूल, आणि दारातून टॉवेल गुंडाळलेली लालबुंद माणसं हात हलवतायत. बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. त्या सहा माणसांत माझे बाबा असायचे. रूडी, आत्याचा धाकटा भाऊ.

तेविसाव्या वर्षी, मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दुपारी, वर्नने ट्रेलर ट्रकला अडकवला आणि त्याला चीर दिसली. ट्रेलरचा पुढचा हात, जो ट्रकला धरतो, त्याच्या काखेत. मोठं मशीन होतं डेलमार वेल्डरकडे, तीस मैलांवर. पण सकाळपासून तळ्यावरून वारा सुटला होता आणि रस्ता बर्फाने बुजून बंद झाला होता. तेव्हा वर्नने ट्रेलर रांगत रांगत आत्याच्या गॅरेजच्या दारापर्यंत आणला. विचारलं नाही. आणलाच. मागोमाग बाबा आणि मी, आणि सौनावाले आणखी दोघं.

आत्या स्टुलावर बसून मोजा विणत होती. मशीनचा पंखा चालू होता.

"सायमा! टोस्टर तापव!"

"किती जाड आहे?"

"अगं, ये बस म्हण, कॉफी घेणार का विचार..."

"किती जाड, वर्न?"

वर्न बाबांकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, "तीन सूत असेल. पण चीर एवढीशी आहे गं. नखाएवढी."

"नखाएवढी दिसतेय."

"तेच म्हणतोय मी."

"मी ते नाही म्हणत आहे, रूडी." तिने ओळ पुरी केली, सुया लोकरीत खोचल्या आणि भिंतीकडे बोट केलं. "पहिली ओळ वाच. मग चौथी वाच. मधल्या दोन सोडल्यास तरी चालेल."

"सायमा, हे स्कूप नाही," वर्न म्हणाला. "हेइक्कीचा दिवस आहे. मी चिरेवर व्ही आकाराची खाच कापतो, गॅसने लाल करून देतो, तू चार थर भर. एक नाही, चार."

"तळाचा थर थंड बसला तर वरच्या तिघांनी काय करायचं? खालचा खोटं बोलला की वरचे त्याचीच री ओढतात."

"माझ्या मांडीएवढा जोड करू!"

"दिसायला होईल."

गॅरेजच्या दारातून वारा आत येत होता आणि ट्रेलरच्या अंगावरचा बर्फ थेंब थेंब फरशीवर पडत होता. बाबा आत्याजवळ आले आणि आवाज खाली घेऊन बोलले, पण गॅरेज लहान होतं. "ताई, सगळं गाव वाट बघतंय. उद्या सौना नाही आला तर लोक म्हणतील सायमामुळे नाही आला."

"म्हणू देत. माझ्यामुळेच नाही येणार."

"तू घाबरलीयस."

"हो. आत तू बसणार आहेस म्हणून. वर्न एकटा बसला असता तर विचार केला असता."

सौनावाले हसले. वर्न नाही हसला. त्याने कोट काढून खुंटीला लावला. "ठीक आहे. तू हात लावू नकोस. मशीन दे, जोड मी घालतो, जबाबदारी माझी. तीस वर्षं ट्रक सांधलेत मी."

"मोठ्या मशीनवर."

"हात तोच आहे, बाई."

"म्हणून तर काळजी आहे. तुझा हात फार देखणा आहे, वर्न."

तिने मशीन दिलं. पण एका अटीवर: ट्रेलरला हात लावायच्या आधी त्याच जाडीच्या दोन तुकड्यांवर. एक तुकडा आडवा, एक त्यावर उभा. असे दोन जोड. मग हातोडी. जोड टिकले तर ट्रेलर त्याचा, आणि भिंतीवरच्या चारही ओळी ती स्वतः पांढऱ्या रंगाने पुसून टाकेल.

"सगळ्यांसमोर बोललीस," वर्न म्हणाला.

"बोलले."

वर्नने डागडुजीसाठी आणलेल्या तीन सुती पट्टीचे ग्राइंडरने तुकडे केले, घासून आरशासारखे स्वच्छ केले. त्याने मशीनचे सगळे खटके शेवटपर्यंत फिरवले, हेल्मेट खाली पाडलं आणि सुरू झाला. एक निळा उजेड, तळणासारखा आवाज. जोड निम्म्यावर आला आणि एकदम अंधार झाला. पंखासुद्धा बंद.

अंधारात आत्याचा आवाज आला. "कॉफीचा गळा कोणी सोडला?"

मी सोडला होता. एवढी माणसं आलीत, कॉफी नको का, म्हणून. तळघरातल्या अकरा पायऱ्या त्या दिवशी मी उतरले.

दिवे आल्यावर वर्न पुन्हा सुरू झाला, आणि खरं सांगायला हवं, त्याचे जोड सुंदर होते. नाण्यांची चळत कलंडून एकाला एक टेकावी तसे सारखे, गोल टाके, मधेच मशीन फुगून बसलं तरी जिथे सोडला तिथूनच बेमालूम पुढे नेलेले. एकाने फोनवर फोटो काढला. बाबा वाकून बघत म्हणाले, "आता काय म्हणशील?"

"थंड होऊ दे," आत्या म्हणाली, आणि आठ मिनिटं विणत बसली. वर्न हातातल्या हातमोज्याने मांडीवर ताल धरत होता.

मग तिने पहिला तुकडा बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला, भिंतीवरची हातोडी घेतली आणि उभ्या पट्टीवर एकदा मारली. फार जोरात नाही. आम्ही खिळा मारतो तशी. पट्टी फरशीवर पडली आणि घसरत ट्रेलरच्या चाकाशी जाऊन थांबली.

"एकाच बाजूने जोडलंय," वर्न म्हणाला. "आणि तू उलट्या बाजूने मारलंस."

"बरोबर आहे. दुसरा तू मार. हव्या त्या बाजूने."

तिने हातोडी त्याच्या हातात दिली. वर्नने दुसरा तुकडा लावला, फिरवून बघितला, जोड जिथे सगळ्यात भक्कम धरेल ती बाजू निवडली. पहिल्यांदा त्याने हळू मारली. नुसता आवाज झाला. त्याचा चेहरा उजळला. दुसरी जरा जोरात. तिसरीला टाक्यांची ती सगळी चळत, अखंड, एक टाका न मोडता, खालच्या पट्टीवरून सोलून निघावी तशी निघाली.

आत्याने ती पट्टी उचलून उजेडात धरली. जोड होता तिथे काहीही नव्हतं. ग्राइंडरचे बारीक ओरखडेसुद्धा तसेच होते. पोलादाला कोणी भेटायला आलं होतं याचा पत्ताच नव्हता.

"थंड पावावरचं लोणी," ती म्हणाली. "दिसतं सगळीकडे. आत कुठेच नाही."

मग तिने भंगारातून एका सुताच्या दोन पट्ट्या काढल्या, तसाच जोड घातला, वर्नच्या निम्म्यानेही देखणा नव्हता, आणि व्हाइसमध्ये लावून बाबांना हातोडी दिली. बाबांनी मारली. पट्टी वाकली. पुन्हा मारली. पट्टी पार दुमडून आडवी झाली, कागदाची घडी घालावी तशी, आणि जोड तिथेच चिकटून राहिला.

"हे याला येतं," आत्याने मशीनवर हात ठेवला. "आणि ते येत नाही. वाईट मशीन नाही ते. फक्त ते 'येत नाही' असं स्वतः सांगत नाही. जे येतं ते आणि जे येत नाही ते, दोन्ही सारखंच चमकवून देतं. सांगायचं काम माझं आहे."

वर्न अजून हरला नव्हता. "पण सायमा, रस्ता म्हणजे काय हातोडी आहे का? अर्धा मैल, तोही उताराचा. चालण्याच्या वेगाने. आजवर काय झालं?"

"सहा माणसं, दगडांनी भरलेली चूल, उतार आणि ट्रकचा ब्रेक. हातोडी नाही तर काय आहे ते? एका सुतावरून तुम्हाला स्वर्ग गाठायचाय. गाठाल. टॉवेलमध्येच गाठाल."

"तू जरा जास्तच..."

"वेस घसरला नव्हता," आत्या म्हणाली.

बाबांनी वर बघितलं.

वेसकाका छतावरचा बर्फ काढताना पडले होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. खुबा मोडला, नंतर मरेपर्यंत लंगडत चालले. कोणी विचारलं तर स्वतःवरच हसून सांगायचे, बूट नवे होते, घसरलो. अकरा वर्षं गावाने त्यांच्या बुटांवर विनोद केले. हेइक्कीच्या मिरवणुकीत एकदा कोणीतरी त्यांना खिळे मारलेले बूट बक्षीस दिले होते, ते त्यांनी हसत हसत घेतले होते आणि आत्या शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती.

"शिडी छताच्या कण्याला अडकवायचे दोन आकडे मी केले होते," ती म्हणाली. "दोन सुती सळईचे. मशीन नवं होतं, मला वाटलं एका सुताला येतं तर दोनाला थोडा वेळ जास्त. चार थर घातले, वर्न. तुझ्यासारखेच चार. इतके छान झाले होते की मी त्यांना रंग दिला नाही, दिसावेत म्हणून. एक आकडा सुटला. खाली बर्फ होता म्हणून खुब्यावर भागलं. मी तो आकडा उचलून बघितला तर आत असंच होतं." तिने हातातली स्वच्छ पट्टी वर्नच्या पुढ्यात ठेवली. "असंच कोरं. वेसने तो आकडा माझ्या हातातून घेतला आणि बर्फाच्या ढिगात फेकला. म्हणाला, मी घसरलो. उन्हाळ्यात बर्फ वितळला तेव्हा मला सापडला तो."

तिने कामाच्या बाकाचा खण ओढला. आत तारेची रिळं, जुने चष्मे, आणि त्यांच्या मागे गंजलेला एक आकडा. तिने तो बाहेर काढला नाही. खण फक्त उघडा ठेवला.

मग वर्नने जाऊन ट्रक आणि ट्रेलर यांमधली साखळी सोडली. कोट घातला, बटणं लावली, एक चुकलं, परत लावलं.

"मग उद्या काय," बाबा म्हणाले, "टॉवेल गुंडाळून चालत जायचं?"

"चालत जायचं," आत्या म्हणाली. "सौना जड आहे म्हणून राहील घरी. चूल कुठे जड आहे?"

"कुठली चूल?"

ती छताखालच्या माळ्याकडे बघत होती. तिथे वेसकाकांची मासेमारीची चूल होती. गोठलेल्या तळ्यावरच्या झोपडीत ठेवायची, पेटीएवढी, एका सुताच्या पत्र्याची. आत्यानेच केलेली. माणूस त्यावर चढत नव्हता, ती डोक्यावर लटकत नव्हती. आणि ती स्कूपमध्ये बसवली तर स्कूप काही रस्त्यावर पळत नाही, ढकलावं लागतं.

"चौथ्या ओळीत बसतं का ते?" बाबांनी विचारलं.

"मी ढकलणार म्हटल्यावर बसतं."

गावातलं सगळ्यात रुंद स्कूप तिचंच होतं. तिने तळातलं जस्त घासलं, चुलीचे चार पाय त्यात उभे केले, प्रत्येक पायाला चारी बाजूंनी टाके. दोन मिनिटं जाळ, आठ मिनिटं लोकर. वर्न घरी गेला नाही. तो दर वेळी वाकून जोड बघायचा, खपली आपल्याच हातोडीने उडवायचा आणि पुढचा पाय धरून उभा राहायचा. तिसऱ्या पायाला तो म्हणाला, "इथे मी असतो तर जरा गोलाई दिली असती."

"तू असतास तर दिली असतीस. पाय हलवू नकोस."

चार पाय संपले तेव्हा मोजा बोटांपर्यंत पुरा झाला होता. तिने टोक बंद केलं, दोरा दातांनी तोडला आणि मोजा वर्नच्या अंगावर टाकला. "घे. जोडीचा दुसरा पुढच्या चिरेला."

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. मिरवणुकीत आधी शाळेचा बँड, मग अस्वलाच्या कातड्यातला तो माणूस जो दर वर्षी गर्दीतल्या पोरांना घाबरवतो, मग बायका ओढत असलेल्या बर्फावरच्या घसरगाड्या. आणि मग, जिथे बावीस वर्षं ट्रकचा आवाज यायचा तिथे, पत्रा बर्फावर घासल्याचा आवाज. स्कूप. स्कूपमध्ये पेटलेली चूल, चुलीवर तळ्याकाठचे काळे दगड, पाठीमागे दांड्याला दोन्ही हात लावून सायमा कंगास, वेल्डिंगचं हेल्मेट डोक्यावर सरकवलेलं. भोवती टॉवेल गुंडाळलेले पाच जण, गुडघ्यापर्यंत बूट, डोक्यावर लोकरी टोप्या, हातात सौनात अंगावर झोडायच्या बर्चच्या डहाळ्यांच्या जुड्या. बाबा डावाने दगडांवर पाणी मारत होते, आणि वाफ उठली की पाचही जण तिच्यात घुसायचे आणि थंडीने ओरडत बाहेर यायचे.

सहावा वर्न. उतारावर स्कूप पळू नये म्हणून आत्याने त्याच्या हातात मागून दोर दिला होता. बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच कोणाच्या तरी मागून चालत होता. एका पायात नवा मोजा, बुटाच्या वर दिसेल असा ओढलेला.

पहिल्यांदा रस्त्यावर कोणाला कळेचना. मग बँकेच्या पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं, "ए सायमा! सौना कुठाय?"

"घरी!" आत्या मागे न बघता ओरडली. "खोटं बोलत होता, घरी बसवलाय!"

"आणि ही चूल? हिला कोणी जोडलंय?"

"टोस्टरने!" हे वर्न ओरडला. आणि गर्दी हसायला लागली ती उतार संपेपर्यंत.

उताराच्या शेवटी, चर्चसमोर, स्कूप एका बर्फाच्या गोळ्यावर चढलं आणि धाडकन आपटलं. दगड उडाले. एक विझता निखारा बर्फात पडून फस्स झाला. आत्या थांबली, वाकली, हातमोजा काढून चारही पायांच्या मुळाशी बोट फिरवलं. कंबर सरळ केली. "चला," म्हणाली.

रस्ता उघडल्यावर वर्नने ट्रेलर डेलमारकडे नेला. डेलमारने चीर उघडून बघितली आणि सांगितलं, हा हात माझ्या मशीननेही जोडायचा नाही, पुराच बदलायचा. ती नखाएवढी चीर आतून पलीकडे गेली होती. हे वर्ननेच गावभर सांगितलं, जणू ते त्याला आधीपासून माहीत होतं. आणि वसंतात तो एक वायरमन घेऊन आत्याच्या दारात उभा राहिला. सौनावाल्यांनी ठरवलं होतं: गॅरेजला वेगळी दोनशेचाळीसची लाइन, आणि तिच्यावर चालणारं मोठं मशीन. तिला काहीही करावं लागणार नव्हतं. वायरमन आत जाऊन भिंत मोजायलाही लागला.

"त्याला बाहेर काढ, वर्न."

"सायमा, भेट आहे ही! तीन सूत, चार सूत, काय हवं ते जोड. परत कधी नाही म्हणावं लागणार नाही."

"मला नाही म्हणावं लागतं म्हणून कोणी सांगितलं? मी म्हणते. मला आवडतं म्हणायला." तिने वायरमनच्या हातात वेलचीच्या पावाचा तुकडा ठेवला आणि त्याला पायऱ्यांपर्यंत सोडलं. "मशीन डेलमारला द्या. त्याला मोजे विणता येत नाहीत, त्याला वेळ घालवायला काहीतरी हवंच."

त्यानंतर ती सहा हिवाळे होती. भिंतीवरच्या चार ओळी दर उन्हाळ्यात नव्या लाल रंगाने गिरवायची, आणि वर्नची पेन्सिलची ओळही, पेन्सिलनेच. गावात कोणाचं बोलणं गोड पण पोकळ वाटलं तर अजून म्हणतात, थंड लोणी. म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते कुठून आलं हे माहीत नाही. नवी लाइन कधी आली नाही. स्वयंपाकघर आणि गॅरेज एकाच वायरवर राहिली, आणि कॅलेंडरवर आजचा दिवस झाकलेलाच.

ती गेली एप्रिलमध्ये, झोपेत. आदल्या दिवशी दुपारी मी बाबांचं स्कूप आणायला गेले होते. तिने दांडा जोडून ठेवला होता, जोड अजून कोमट होता. ती स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी स्कूप उचललं, दार पायाने ढकललं, आणि ती मागून म्हणाली,

"जाता जाता कॉफीचा प्लग लाव गं. आजचं माझं झालंय."